गिनिपिगला 'निगा लागत नाही', हे कोणी सांगितलं?

मा. संपादक साहेब,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत लहान मुलांना घरात पाळता येतील अशा प्राण्यांची माहिती आली होती. मासे, लव्हबर्ड, ससा, आणि सगळ्यात शेवटी गिनिपिग. त्याच्या फोटोखाली एकच ओळ होती: 'शांत प्राणी, फारशी निगा लागत नाही.' ती ओळ माझ्या नातीनं मोठ्यानं वाचली आणि माझ्याकडं बघून हसली. का हसली, ते सांगण्यासाठी हे पत्र.

मी सेलूत सलून चालवतो. वस्तरा हातात धरून बेचाळीस वर्षं झाली. आमचे आजोबा दुधनाकाठच्या एका गावात बलुतेदारी करायचे. त्यांच्या धोकटीत वस्तरा, कातर, चिमटा, आरसा आणि नराणी असायची. हल्लीच्या पोरांना नराणी म्हणजे काय ते ठाऊक नाही. नखं काढायचं पोलादी हत्यार. घराघरात नेलकटर नव्हते, तेव्हा अख्ख्या गावाची नखं न्हावीच काढायचा. खळ्यावरच्या ज्वारीत दाढी, डोई आणि नखं सगळं धरलेलं असायचं. ती नराणी अजून माझ्या दुकानात खिळ्याला टांगलेली आहे. सांगायचा मुद्दा, नखं काढणं आमच्या रक्तातच आहे असं मी समजत होतो.

मागच्या संक्रांतीला मुलानं नातीसाठी शहरातल्या एका दुकानातून गिनिपिग आणला. पांढरा, अंगावर काळे ठिपके, म्हणून नाव तिळ्या. दुकानदारानं पिंजरा विकला, भुसा विकला, पाण्याची बाटली विकली. नखांबद्दल अवाक्षर नाही. आम्हीही विचारलं नाही. शेळीची खुरं वाढतात, बैलाची वाढतात, मग ह्याचं काय, असा प्रश्न शेतकऱ्याच्या गावात राहून आम्हाला पडू नये याची आता लाज वाटते.

सहा महिन्यांत त्याची नखं कोयतीसारखी वळली. चालताना शहाबादी फरशीवर टकटक वाजायची. एका पायाचं बोट बाजूला कलू लागलं. नात म्हणाली, "आबा, तुम्ही एवढ्या लोकांचं करता, ह्याचं पण करा की."

सोमवार होता, दुकान बंद. आषाढाचं आभाळ भरलेलं, दिवेलागणीची वेळ, त्यात लाईट गेलेली. आमची आजी सांगायची, सांजच्याला नखं काढू नयेत, लक्ष्मी जाते. मी ते कधी मानलं नाही. आता मानतो, पण लक्ष्मीसाठी नाही. अंधारात जिव्हाळी, म्हणजे नखाच्या आतली रक्ताची जिवंत शीर, दिसत नाही म्हणून.

मी त्याला लहान लेकरासारखं मांडीवर उताणं घेतलं. पुढच्या पायांना चार-चार बोटं, मागच्यांना तीन-तीन, एकूण चौदा नखं. पुढची आठ कशीबशी झाली. मागच्या उजव्या पायाची नखं काळी. काळ्या नखात आतली रक्ताची शीर दिसत नाही. पांढऱ्या नखात ती गुलाबी दिसते, तशी इथं दिसली नाही. मी अंदाजानं नेलकटर दाबला. कट्ट आवाज झाला आणि तिळ्यानं अशी किंकाळी फोडली की शेजारच्या म्हाताऱ्या दारात आल्या.

रक्त थेंब-थेंब, पण थांबेना. पांढऱ्या केसांवर ते फार दिसतं. फरशीवर पाच-सहा ठिपके. हिनं विचारलं, "अवं, काय केलं हे?" मी काय सांगणार? गिऱ्हाइकाला वस्तरा लागला की जे करतो तेच केलं. तुरटीचा खडा पाण्यात बुडवला आणि बोटावर चोळला. ते एवढं झोंबलं की तिळ्या मांडीवरून उसळला. नातीनं ओढणीत झेलला म्हणून वाचला, नाहीतर फरशीवर पडून त्याचा पाय नाहीतर कणा मोडला असता.

सुनेचा मावसभाऊ परभणीच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात शेवटच्या वर्षाला शिकतो. सुनेनं त्याला फोन लावला आणि स्पीकरवर टाकला. त्यानं पहिला प्रश्न विचारला, "मामा, बोट दाबून धरलंय का?" कोणीच धरलं नव्हतं. सगळे औषध शोधत होते.

तो म्हणाला, आधी स्वच्छ कापूस किंवा धुतलेला मऊ कपडा घ्या आणि नखाच्या टोकावर दाबून धरा. घड्याळ लावून पाच मिनिटं. मधेमधे उचलून बघायचं नाही, बघितलं की धरलेली गाठ सुटते. घरात कॉर्नफ्लॉवर आहे का? होतं. सुनेनं पोरांच्या मंच्युरियनसाठी आणलेला डबा. चिमूटभर बशीत घेऊन नखाचं टोक त्यात बुडवायचं आणि परत दाबायचं. कॉर्नफ्लॉवर नसेल तर साधं कोरडं पीठही चालतं. चहाची पत्ती, तंबाखूची चिमूट, चुना, फिनेल, यातलं काहीही नाही. आमच्याकडं खेड्यात जखमेवर तंबाखू दाबतात, म्हणून त्यानं मुद्दाम सांगितलं. हा प्राणी पाय चाटतो, ते सगळं पोटात जातं. तुरटीचं विचारलं तर म्हणाला, तुरटी रक्त धरते हे खरं आहे, पण खडा चोळला की झोंबतो आणि धरत आलेलं रक्त परत सुटतं. बेचाळीस वर्षं तुरटी वापरणाऱ्या माणसाला हे ऐकावं लागलं.

पाच मिनिटं मी दाबून धरलं. माझ्या अंगठ्याखाली त्याचं काळीज किती जोरात उडत होतं ते सांगता येत नाही. गिऱ्हाइकाच्या गळ्यावर वस्तरा ठेवताना मला कधी घाम आला नाही, त्या दिवशी आला. पाच मिनिटांनी कापूस उचलला तर पांढऱ्या पिठाचा आणि रक्ताचा मिळून एक घट्ट खडा टोकावर बसला होता. रक्त थांबलं.

तिळ्याचं वजन तेव्हा किराणा दुकानाच्या काट्यावर सातशे ग्रॅम भरलं होतं. एवढ्या जिवाच्या अंगात सगळं मिळून पन्नासेक मिलिलिटर रक्त असतं. म्हणजे आपल्या हॉटेलातल्या एका कट चहाएवढं. नखातून गेलेल्या चार-सहा थेंबांनी तो मरत नाही, डॉक्टर पोरानं तेही सांगितलं, घाबरू नका म्हणून. पण दहा-पंधरा मिनिटं नीट दाबूनही रक्त थांबत नसेल, किंवा नख मुळातूनच उपटलं असेल, तर घरी बसायचं नाही, जनावरांच्या डॉक्टरकडं जायचं.

आता खरी चूक सांगतो, जी होता होता राहिली. माझ्या दाढेच्या दुखण्यातल्या ॲमॉक्सिसिलिनच्या दोन कॅप्सूल घरात उरल्या होत्या. मी फोनवर म्हणालो, जखम चिघळू नये म्हणून पाव कॅप्सूल पाण्यात कालवून देऊ का? तो पोरगा ओरडलाच. पेनिसिलीनच्या जातीची औषधं पोटातून दिली तर गिनिपिगच्या आतड्यातले चांगले जंतू मरतात, वाईट माजतात, आणि त्यांच्या विषानं तो काही दिवसांत दगावतो. पुढं एकदा घरी आला तेव्हा त्यानं आणखी एक सांगितलं. पेनिसिलीनची पहिली परीक्षा १९४० साली ऑक्सफर्डमध्ये उंदरांवर झाली. गिनिपिगवर झाली असती तर कदाचित ते औषध विषारी म्हणून फेकून दिलं असतं. मला वाटलं, ज्याच्या नावानं आपण 'प्रयोगातला प्राणी' म्हणतो, नेमका त्याच्यावर हा प्रयोग नव्हता हे आपलं नशीब. आणि माझ्या हातानं तो त्या संध्याकाळी होणार होता.

त्यानं दुसरं विचारलं, "खायला काय घालता?" आम्ही अभिमानानं सांगितलं: ज्वारी, भाकरीचा कुटका, कधी बिस्कीट. तो गप्प झाला. माणसासारखंच ह्या प्राण्याच्या अंगात क जीवनसत्त्व तयार होत नाही, ते रोज खाण्यातून मिळावं लागतं. १९०७ साली नॉर्वेत होल्स्ट आणि फ्रोलिश नावाच्या दोघांनी गिनिपिगना नुसतं धान्य चारलं, तर त्यांना खलाशांना व्हायचा तो स्कर्व्ही झाला. हिरड्या, सांधे सुजतात, रक्त लवकर थांबत नाही. आम्ही सेलूत बसून तोच प्रयोग परत करत होतो. आता तिळ्याला रोज ढोबळी मिरचीची फोड, कोथिंबिरीच्या काड्या आणि अधूनमधून पेरूची चकती मिळते. मूळचा तो दक्षिण अमेरिकेतल्या पेरू देशाकडचाच, तेव्हा पेरू त्याला मानवतो असं नातीचं म्हणणं आहे. बाकी दिवसभर वाळलेलं गवत.

त्या रात्री तिळ्याला भुशात ठेवलं नाही. भुशाचे कण जखमेला चिकटतात. जुन्या पांढऱ्या धोतराच्या तुकड्यावर ठेवलं, म्हणजे परत रक्त आलं तर दिसेल. पावसाळ्याच्या माश्या होत्या, म्हणून वरून मच्छरदाणीचा तुकडा. जखमेवर माशी बसली की अळ्या पडतात, हे गुरं पाळणाऱ्याला सांगायला नको. सकाळी तो खात होता. खाणं बंद झालं असतं तर तसाच उचलून दवाखान्यात न्यायला सांगितलं होतं, कारण हा प्राणी एक दिवस उपाशी राहिला तरी त्याचं पोट बिघडतं.

नखं कशी काढायची ते मी नंतर शिकलो, आणि कारागीर म्हणून त्यात रस वाटला म्हणून लिहितो. उताणं धरायचं नाही, तो घाबरतो. जमिनीवर बसायचं, म्हणजे पडला तरी उंचावरून पडणार नाही. त्याला टॉवेलात गुंडाळून पोटाशी धरायचं, एक हात छातीखाली, मागच्या पायांना आधार, आणि एकच पाय बाहेर. दुसऱ्यानं तोंडापुढं कोथिंबीर धरायची. उजेड खिडकीचा हवा. काळ्या नखामागं मोबाइलची बॅटरी धरली की आत गडद सावली दिसते, ती जिव्हाळी. तिच्यापासून दोन-तीन मिलिमीटर अलीकडंच थांबायचं. सावली दिसलीच नाही तर तांदळाच्या कणीएवढं टोक उडवायचं आणि गप बसायचं. आपला नेलकटर चपटा असतो, त्यात गोल नख चिरडतं. मांजराची नखं काढायची छोटी कात्री मिळते, ती बरी, पण धार हवी. बोथट हत्यारानं माणसालाही दुखतं.

आणि ज्याची नखं आमच्या तिळ्यासारखी सहा महिने वाढली आहेत, त्याची एका बैठकीत आखूड करायला जाऊ नये. नखाबरोबर आतली शीरही लांब झालेली असते. आठवड्याला थोडंथोडं काढलं की ती हळूहळू मागं सरकते. माझी सगळी चूक इथंच झाली. मी गिऱ्हाइकाची वाढलेली दाढी उतरवावी तसं एका झटक्यात उतरवायला निघालो. एकदा लांबी आटोक्यात आली की महिन्या-सव्वा महिन्यानं टोकं उडवली तरी पुरतं.

तर साहेब, माझं मागणं दोन ओळींचं आहे. पुढच्या पुरवणीत एवढं छापा की गिनिपिगची नखं वाढतात, ती कापावी लागतात, रक्त आलं तर कॉर्नफ्लॉवर लावून दाबून धरायचं आणि माणसाची औषधं द्यायची नाहीत. पाळीव प्राण्यांच्या दुकानांसाठी २०१८ पासून केंद्राचे नियम आहेत, राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडं नोंदणी लागते. नोंदणी करणाऱ्या दुकानदाराला पिंजऱ्याबरोबर मराठीत एक चिठ्ठी द्यायला काय जड आहे? आमच्या तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात गाई-म्हशींची रांग असते. तिथं पोरगं हातात गिनिपिग घेऊन गेलं की लोक हसतात, त्यात डॉक्टरांचा दोष नाही. परभणी आणि उदगीर, दोन्हीकडं पशुवैद्यकीय महाविद्यालयं आहेत. तिथल्या विद्यार्थ्यांकडून आपण महिन्याला एक छोटं सदर लिहून घेतलं तर मी माझ्या दुकानात कात्रण चिकटवीन. दाढीला बसलेला माणूस भिंतीवरचं सगळं वाचतो.

परवाच्या सोमवारी सकाळी, खिडकीत, परत नखं काढली. तेरा झाली. चौदावं म्हणजे त्याच मागच्या उजव्या पायाचं ते काळं. नातीनं कात्री माझ्या हातातून घेतली आणि आईकडं दिली. म्हणाली, "आबा, तुम्ही कोथिंबीर धरा."

आपला नित्य वाचक,
एक सलूनवाला, सेलू (जि. परभणी)