खख्खर यांनी हिशेब सोडले नव्हते

मा. संपादक,
स. न. वि. वि.

नोकरी सोडून चित्रकार झालेल्यांवरचा रविवार पुरवणीतला लेख वाचला. त्यात भूपेन खख्खर यांना जेमतेम दोन ओळी मिळाल्या : सनदी लेखापाल होते, १९६२ मध्ये सगळं सोडून बडोद्याला गेले. यातलं 'सगळं सोडून' हे खरं नाही, आणि फरक मोठा आहे.

महाराजा सयाजीराव विद्यापीठात कलासमीक्षा शिकायला गेल्यावरही खख्खर कितीतरी वर्षं एका कंपनीत अर्धवेळ हिशेब लिहीत होते. चित्र विकलं गेलं नाही तरी चूल पेटत होती. म्हणूनच तर अमूर्त चित्रकलेचा दबदबा असताना देवादिकांची बाजारी छापील चित्रं कापून कोलाज करण्याची आणि शिंपी, न्हावी, घड्याळवाला यांना कॅनव्हासवर मानाने बसवण्याची मोकळीक त्यांना मिळाली, असं मला वाटतं. 'जनता वॉच रिपेअरिंग' आणि 'डीलक्स टेलर्स' ही दोन्ही १९७२ची. ही माणसं त्यांना कलामहाविद्यालयात भेटलेली नाहीत. ती त्यांच्या मध्यमवर्गीय, दुकान-कचेरीच्या जगातली आहेत.

मुंबईचा तर लेखात उल्लेखही नाही. १९३४ साली ते इथेच जन्मले, इथेच वाणिज्य शिकले आणि जे. जे.च्या सायंवर्गात चित्रकला गिरवली. १९५८ मध्ये चित्रकार गुलाममोहम्मद शेख भेटले, त्यांनीच बडोद्याची वाट दाखवली. नाथद्वाऱ्याची श्रीनाथजींची चित्रं, ईस्ट इंडिया कंपनीच्या काळातली कंपनी शैली, कॅलेंडरं यांच्या जोडीला त्यांना फ्रेंच चित्रकार हेन्री रूसो फार जवळचा. तोही पॅरिसच्या जकात खात्यात नोकरी करत रंगवत होता आणि ४९ वर्षांचा झाल्यावर त्यातून बाहेर पडला.

'यू कान्ट प्लीज ऑल' (१९८१) मध्ये बाप, मुलगा आणि गाढवाची गोष्ट आहे, आणि गच्चीतून ती पाहणारा एक नग्न पुरुष. आपली समलैंगिकता खख्खर यांनी या चित्रातून उघड केली. त्या काळात हे सोपं नव्हतं. २०१६ मध्ये लंडनच्या टेट मॉडर्न या कलासंग्रहालयाने त्यांचं मोठं प्रदर्शन भरवलं, तेही याच नावाने.

मी स्वतः हिशेबखात्यात काम करतो आणि संध्याकाळी चित्रं काढतो. राजीनामा दिल्याशिवाय खरी कला होत नाही, हे माझ्यासारख्यांना घरीदारी सतत ऐकावं लागतं. आपल्या लेखाने त्यात भर घातली, म्हणून हे पत्र. खख्खर यांच्यावर स्वतंत्र लेख द्यावा आणि सोबत 'जनता वॉच रिपेअरिंग' रंगीत छापावं, ही विनंती.

आपला,
एक वाचक, डोंबिवली