परवाना गोव्याचा, नाका महाराष्ट्राचा

संपादक महाशय,

‘गोवा बनावटीची दारू पकडली, वाहनासह मुद्देमाल जप्त’ ही बातमी सिंधुदुर्गात नेहमीची झाली आहे. ट्रकमध्ये चोरकप्पे करून खोक्यांवर खोकी आणणाऱ्यांची गय करू नये, याबद्दल दुमत नाही. मात्र इन्सुलीच्या तपासणी नाक्यावर त्यांच्याच रांगेत असे पर्यटकही उभे राहतात, ज्यांनी गोव्यात उघडपणे दोन-तीन बाटल्या विकत घेतल्या, पावती जपून ठेवली, तिथला वाहतूक परवानाही काढला आणि एवढ्यावर आपण कायद्यात बसतो असे प्रामाणिकपणे मानले.

हा समज चुकीचा आहे आणि तो दूर करण्याची तसदी कोणी घेत नाही. राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीनुसार मद्याचे उत्पादन, बाळगणे, वाहतूक आणि विक्री हा राज्यांच्या अखत्यारीतला विषय आहे. त्यावरील उत्पादन शुल्कही राज्याचेच, आणि २०१७ मध्ये जीएसटी आला तेव्हाही पिण्याचे मद्य त्यातून वगळले गेले. त्यामुळे गोव्याचा परवाना बाटली गोव्याच्या हद्दीबाहेर नेण्यापुरताच उपयोगाचा असतो. ती महाराष्ट्रात आणायची तर १९४९ च्या दारूबंदी कायद्याखाली महाराष्ट्राचीच परवानगी लागते, आणि ज्या बाटलीवर ‘फक्त गोव्यात विक्रीसाठी’ असे छापलेले असते तिच्यावर आपल्या राज्याचे शुल्क भरलेलेच नसते. आपल्याकडचा मद्य सेवन परवाना खिशात असला तरी तो पिण्याचा परवाना आहे, आयातीचा नव्हे. विमानप्रवासाने गोंधळात भरच पडते. सामानात पाच लिटरपर्यंत मद्य चालते, असे विमान कंपनी सांगते. पण ती मर्यादा उड्डाणाच्या सुरक्षिततेसाठी आहे, उतरल्यावर लागू होणारा राज्याचा कायदा तिने शिथिल होत नाही.

राज्याने हा अधिकार सोडावा, असे माझे म्हणणे नाही. ज्या राज्यात वर्धा आणि गडचिरोली हे दारूबंदीचे जिल्हे आहेत, त्याला हद्दीवर लक्ष ठेवावेच लागेल. पण अज्ञानाने गुन्हा घडण्याची वाट पाहणे हा काही महसूल वाचवण्याचा मार्ग नाही. एखाद्या भाड्याच्या गाडीच्या चालकाचा विचार करावा: बाटल्या प्रवाशाच्या बॅगेत असतात, पण गाडी अडकली की रोजगार चालकाचा बुडतो.

म्हणून राज्य उत्पादन शुल्क विभागाला दोन विनंत्या आहेत. गोवा सरकारशी बोलून तिथल्या मद्यविक्रीच्या दुकानांत आणि गोव्याच्या हद्दीवरील पत्रादेवीला पोहोचण्याआधी, म्हणजे गाडी परत वळवता येईल अशा ठिकाणी, मराठी, हिंदी व इंग्रजीत ठळक फलक लावावेत. आणि स्वतःपुरत्या एक-दोन सीलबंद बाटल्यांसाठी फरकाचे शुल्क ऑनलाइन भरून तात्पुरता परवाना मिळण्याची सोय करावी, म्हणजे नाक्यावरच्या कर्मचाऱ्यांचा वेळ खऱ्या तस्करीच्या तपासाला मिळेल.

आपला,
एक वाचक, सावंतवाडी