जेरी युल्समन यांना जाहीर आभारपत्र

आदरणीय युल्समन सर,

आपली भेट कधी झाली नाही आणि आता होणारही नाही. अनेक निगेटिव्ह जोडून एकच चित्र घडवणारे अमेरिकेतले छायाचित्रकार तुम्ही, एप्रिल २०२२ मध्ये गेलात. तरी हे आभार चारचौघांत मानायचे आहेत, कारण माझी डार्करूम, म्हणजे फोटो छापायची अंधारी खोली, आज चालू आहे ती तुमच्यामुळे.

मी कोल्हापुरात ब्लॅक अँड व्हाइट प्रिंट करते. क्लिक केला तो क्षण म्हणजे फोटो, नंतर निगेटिव्हशी खेळलात की ती लबाडी, हे ऐकतच मी शिकले. एका स्पर्धेत तर परीक्षकांनी माझी प्रिंट ‘ही जोडाजोड आहे’ म्हणून बाजूला ठेवली होती. मग तुमचं काम पाहिलं. मुळांसकट उपटून पाण्यावर अधांतरी ठेवलेलं झाड. छताच्या जागी ढगांनी भरलेलं आभाळ असलेली अभ्यासिका, आणि तिथल्या टेबलावर एक इवलासा माणूस. स्वप्नात असतं तसं सगळं, पण कणन् कण खरा, कॅमेऱ्यानेच टिपलेला.

शटर दाबण्याआधी पूर्ण प्रिंट डोळ्यांपुढे उभी राहायला हवी, असं प्रसिद्ध अमेरिकन छायाचित्रकार अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्स सांगत. तुम्ही म्हणालात, नंतरही बघत राहा. अंधाऱ्या खोलीत, हातात निगेटिव्ह असतानाही चित्र सुचू शकतं. मला तर या एका विचाराने मोकळं केलं.

आणि त्यासाठी तुम्ही काय खपलात! सात-सात एन्लार्जर, म्हणजे निगेटिव्हमधून उजेड सोडून कागदावर मोठं चित्र पाडणारी यंत्रं, ओळीने मांडलेले, प्रत्येकात वेगळी निगेटिव्ह. एकाखाली आभाळ, दुसऱ्याखाली झाड, तिसऱ्याखाली पाणी. एकच कागद या सगळ्यांखालून फिरवायचा. जिथे झाड यायचं आहे तिथे आभाळाचा उजेड पडू द्यायचा नाही, म्हणून लेन्सखाली पुठ्ठा धरून तो सारखा हलवत राहायचा, म्हणजे सांधा दिसत नाही. कागदावर तोवर काहीच उमटलेलं नसतं. डेव्हलपरच्या, म्हणजे चित्र उमटवणाऱ्या रसायनाच्या, ट्रेमध्ये गेल्यावरच कळतं, जमलं की कागद वाया गेला.

तुमच्या वाट्याला मान्यता लवकर आली. अमेरिकेतल्या रॉचेस्टरला छायाचित्रकार मायनर व्हाइट यांच्या हाताखाली शिकलात, १९६० पासून फ्लोरिडा विद्यापीठात शिकवू लागलात आणि १९६७ मध्ये न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये तुमचं एकट्याचं प्रदर्शन लागलं. मला त्याहून मोठी वाटते ती तुमची पुढची चिकाटी. फोटोशॉप आलं, घरातच पत्नी मॅगी टेलर यांनी संगणकावर सुंदर काम उभं केलं, तुम्ही त्याचं मनापासून कौतुक केलंत आणि पुन्हा आपल्या ट्रेपाशी जाऊन उभे राहिलात. संगणकाला नावं ठेवून स्वतःची कला मोठी करायची गरज तुम्हाला पडली नाही. हा मोठेपणा मी फार थोड्या कलावंतांत पाहिला.

२०१९ च्या पुरात पंचगंगा आमच्या घरात शिरली. पाणी ओसरल्यावर सगळ्यांकडे पुराचे फोटो होते, माझ्याकडेही. पण आजीची ओसरी आणि ती नदी यांच्यात जे घडलं होतं ते त्यातल्या एकाही फोटोत नव्हतं. मग मी ओसरीची जुनी निगेटिव्ह एका एन्लार्जरला लावली, घाटावरच्या पाण्याची दुसऱ्याला, आणि तुमच्या पद्धतीने पुठ्ठा हलवत बसले. खूप कागद गेले. शेवटी एका प्रिंटमध्ये पाणी उंबऱ्यावरून सहज आत आलं, रोजच्या पाहुण्यासारखं, आणि खांबांना टेकून थांबलं. आई ती प्रिंट बघून कितीतरी वेळ बोलली नाही, नंतर म्हणाली, “हो, असंच झालं होतं.”

हे सांगायची वाट तुम्ही दाखवलीत, सर. शिवाय हातचं राखून न ठेवता. तुम्ही डार्करूमचं दार उघडं ठेवलंत, कोणता एन्लार्जर कशासाठी, सांधा कसा लपवायचा, सगळं शिकवलंत. म्हणून तर इतक्या लांब, तुम्हाला न भेटताही मला ते शिकता आलं.

पावसाळा संपला की या प्रिंट मी प्रदर्शनात लावणार आहे. खाली तुमच्यासारखंच ‘शीर्षक नाही’ आणि साल, एवढंच लिहीन. कशी केली म्हणून जो विचारेल त्याला सगळी कृती सांगेन, तुमचं नाव घेऊन.

मनापासून आभार.

आपली,
कोल्हापूरची एक छायाचित्रकार