पेपर पुन्हा तपासू नका, पण मार्क कुठे गेले ते तरी सांगा

संपादक महोदय,

सीएचा निकाल लागला की दुसऱ्या दिवशी सगळ्या पेपरांत टॉपरचे पेढे भरवतानाचे फोटो येतात, येऊ देत, मेहनत केलेली असते पोरांनी. पण ज्याला ३०० पैकी १४८ पडलेत त्याच्याविषयी कुठे चार ओळीही येत नाहीत, आणि माझ्यासारख्या तालुक्याच्या गावात प्रॅक्टिस करणाऱ्या सीएच्या ऑफिसात दर निकालाला समोर बसलेली असतात ती बहुतेक हीच मुलं. म्हणून हे पत्र, जरा लांबेल, सांभाळून घ्या.

बाहेरच्यांना कल्पना नसते म्हणून आधी हिशोब सांगतो. आताच्या नव्या स्कीममध्ये इंटर आणि फायनल, म्हणजे सीएची मधली आणि शेवटची परीक्षा, दोन्हीला एका ग्रुपमध्ये तीन पेपर, प्रत्येक १०० चा, प्रत्येकात किमान ४० पाहिजेत आणि ग्रुपची बेरीज किमान १५० पाहिजे. म्हणजे दोन पेपरात ऐंशी-ऐंशी पडले आणि तिसऱ्यात ३९, तर ग्रुप गेला. एखाद्या पेपरात ६० पडले तर पुढचे तीन अटेम्प्ट तो पेपर द्यावा लागत नाही, आणि ५९ पडले तर त्या ५९ चा पुढच्या वेळी काही उपयोग नाही. आता इतक्या कडक रेषा आखलेल्या असताना एकेका मार्कावरून माणूस हळवा होणारच ना, त्याला रडका म्हणून कसं चालेल.

मग घरी सुरू होतं, "रिचेकिंगला टाक की!" काका सांगतात, मामा सांगतो, शेजारचे सांगतात, त्यांचंही चुकत नाही, कारण दहावी-बारावीला आपल्या बोर्डात गुणपडताळणी असते, छायाप्रत मिळते आणि त्यानंतर पुनर्मूल्यांकनही करून घेता येतं, युनिव्हर्सिटीतही तसंच. सीएला पहिल्या दोन गोष्टी आहेत, तिसरी नाहीच. पेपरला १०० रुपये भरले की व्हेरिफिकेशन होतं, त्यात एवढंच बघतात की एखादं उत्तर तपासायचं राहिलंय का, मार्क द्यायचे राहिलेत का आणि बेरीज बरोबर आहे का, चूक निघाली तर पैसे परत. पेपरला ५०० रुपये भरले की तपासलेल्या उत्तरपत्रिकेची सर्टिफाईड कॉपी मिळते. दोन्हीला निकालापासून ३० दिवसांची मुदत. परीक्षकाने ८ पैकी ३ दिले ते बरोबर दिले का, हा प्रश्न विचारायची सोयच नाही, सीएच्या १९८८ च्या रेग्युलेशन्समधला ३९(४) हा नियम आडवा येतो, पुनर्मूल्यांकन त्यात बसत नाही.

ही कॉपी मिळते तीसुद्धा कोर्टामुळे बरं का. ऑगस्ट २०११ मध्ये सुप्रीम कोर्टाने सीबीएसईच्या केसमध्ये सांगितलं की स्वतःची तपासलेली उत्तरपत्रिका बघणं हा विद्यार्थ्याचा माहिती अधिकारातला हक्क आहे. त्याआधी आमच्या वेळी मार्कशीट हातात आली की विषय संपला, देवाला नमस्कार करायचा आणि पुढचा फॉर्म भरायचा.

परवा ऑफिसातल्या एका आर्टिकल, म्हणजे आमच्याकडे सीएची उमेदवारी करणाऱ्या, मुलीने तिच्या फायनान्शियल रिपोर्टिंगच्या पेपरची कॉपी मागवली होती, जेवणाच्या सुट्टीत आम्ही ती पीडीएफ मोठ्या स्क्रीनवर लावली, शेजारी सजेस्टेड आन्सर, म्हणजे परीक्षा घेणारी संस्था छापते ते नमुना उत्तर, उघडलं आणि एकेक प्रश्न जुळवत बसलो. बेरीज बरोबर, एकही उत्तर तपासायचं राहिलेलं नाही, त्याबाबतीत बोट ठेवायला जागा नाही. मग लीजचा, म्हणजे भाडेकराराच्या हिशोबाचा, प्रश्न आला. डिस्काउंटिंगचं टेबल तिने पूर्ण बरोबर केलेलं, लायबिलिटी बरोबर, पण वापराच्या हक्काची किंमत, म्हणजे राईट ऑफ यूज अ‍ॅसेट काढताना सुरुवातीचा थेट खर्च बरोबर मिळवला, फक्त घरमालकाकडून मिळालेला इन्सेंटिव्ह वजा करायचा राहिला, त्यामुळे तो आकडा चुकला आणि पुढे डेप्रिसिएशनही चुकलं. पडले ८ पैकी ३. आता हे ५ मार्क गेले कसे? आकडा चुकला म्हणून पुढच्या सगळ्याचे गेले का, की पद्धत बरोबर म्हणून डेप्रिसिएशनचा अर्धा मार्क मिळाला आणि टेबलचाच कुठे कापला? मी म्हणालो ४ तरी द्यायला हवे होते, माझा पार्टनर म्हणाला ३ च बरोबर, फायनल लेव्हलला एवढं चालत नाही. दोघंही वीसेक वर्षं प्रॅक्टिस करतोय आणि एका उत्तरावर आमचं जमेना, डबा गार झाला तो वेगळाच.

आणि म्हणूनच, हे वाचून काही विद्यार्थी मला शिव्या घालतील पण सांगतो, मला पुनर्मूल्यांकन नको आहे. सप्टेंबर २०१९ मध्ये दिल्लीत मुलांनी आयसीएआयच्या, म्हणजे सीएची परीक्षा घेणाऱ्या संस्थेच्या, ऑफिससमोर मोठं आंदोलन केलं होतं, ३९(४) बदला म्हणून, ट्विटरवर हॅशटॅग चालला, राजकारण्यांनी पाठिंबा दिला, मग संस्थेने कमिटी नेमली. मुलांचा राग मला पटला होता, मागणी पूर्ण नाही पटली. ऑडिट किंवा लॉ सारख्या लिहायच्या पेपरात दुसरा परीक्षक दोन मार्क जास्त देईल तर तिसरा दोन कमी, मग खरे मार्क कोणाचे? आणि लाखाच्या घरात मुलं बसतात, सगळे बॉर्डरवाले पैसे भरणार, निकाल रखडणार. मुंबई युनिव्हर्सिटीने २०१७ ला ऑनस्क्रीन तपासणी घाईघाईत आणली तेव्हा काय झालं ते सगळ्यांनी पाहिलंय, निकाल कित्येक महिने लोंबकळले आणि शेवटी कुलगुरूंना जावं लागलं. बाहेरही फार वेगळं नाही, ब्रिटनच्या एसीसीए या अकाउंटंट लोकांच्या संस्थेत निकालाला आव्हान दिलं तरी सगळं तपासलं का आणि बेरीज बरोबर का एवढंच बघतात, पेपर नव्याने तपासत नाहीत.

पण एसीसीए नमुना उत्तरांसोबत मार्किंग गाईड छापतं, कुठल्या स्टेपला किती मार्क ते त्यात असतं. आपली सीबीएसई बारावीच्या मुलांसाठी स्टेपवाईज मार्किंग स्कीम वेबसाईटवर टाकते. मग होऊ घातलेल्या सीएला का नाही? सजेस्टेड आन्सर्स आहेत, ती उत्तम असतात, मी स्वतः आर्टिकल्सना तीच वाचायला लावतो, पण ती आदर्श उत्तरं आहेत, त्यातल्या कुठल्या ओळीला किती मार्क हे कॉपी घेऊन बसलेल्या पोराला त्यातून कळत नाही. ५०० च्या खर्चाचं व्हाउचर नसेल तर आम्ही क्लायंटला धारेवर धरतो, आणि त्याच प्रोफेशनमध्ये येणाऱ्या पोराला ५ मार्क कशाचे कापले त्याचा कागद मिळत नाही, हे मला पटत नाही.

यावर कोणी म्हणेल की कोर्टानेच संस्थेच्या बाजूने निकाल दिलाय. दिलाय, सप्टेंबर २०११ मध्ये, आयसीएआयच्याच केसमध्ये, परीक्षकांना दिलेल्या सूचना माहिती अधिकारात उघड करायची सक्ती नाही असं. पण सक्ती नाही म्हणजे मनाई आहे असं थोडंच आहे? निकाल लागून गेल्यावर मार्किंग स्कीम वेबसाईटवर टाकली तर कोणाचं काय बिघडतं? परीक्षकाचं नाव कोणी मागत नाहीये. उलट ती स्कीम डोळ्यांसमोर असेल तर निम्म्या मुलांचा राग तिथेच शांत होईल, कारण आपलं कुठे चुकलं ते दिसेल.

दुसरी गोष्ट तारखांची. २०२५ पासून फायनलही वर्षातून तीनदा झाली, मुलांच्या दृष्टीने चांगलंच आहे, पण त्यामुळे व्हेरिफिकेशनची पार चटणी झालीये. २०२५ च्या मे अटेम्प्टचा निकाल लागला ६ जुलैला, पुढची फायनल सुरू झाली ३ सप्टेंबरला, तिचे फॉर्म जुलैतच भरायचे होते आणि व्हेरिफिकेशनचा अर्ज करायची मुदत मात्र ऑगस्टपर्यंत. म्हणजे पास झालो की नापास याची शंका असताना फॉर्म भरा, फी भरा, अभ्यासाला लागा, उत्तर येईल तेव्हा येईल. निदान ज्यांचा ग्रुप दोन-तीन मार्कांनी गेलाय त्यांचे अर्ज आधी काढता येत नाहीत का? बेरीज बघायला असा किती वेळ लागतो, तीसुद्धा अकाउंटंट लोकांच्या संस्थेत!

ज्यांना ५०० रुपये पेपर जड जातात, तीन पेपरचे दीड हजार होतात, आर्टिकलच्या स्टायपेंडमध्ये ते जडच आहेत, त्यांच्यासाठी एक सांगून ठेवतो. कंपनी सेक्रेटरींच्या संस्थेच्या केसमध्ये सुप्रीम कोर्टाने एप्रिल २०१९ ला सांगितलंय की उत्तरपत्रिका संस्थेच्या नियमाने मागायची की माहिती अधिकारात, हे विद्यार्थ्याने ठरवायचं. माहिती अधिकारात अर्जाचे १० रुपये आणि पानाला २ रुपये लागतात. वेळ जास्त जातो, पण मिळते. आणि नुसत्या व्हेरिफिकेशनच्या उत्तरावर डोळे लावून बसू नका रे बाबांनो, कॉपी मागवा, आणि पुढचा फॉर्म भरून टाका.

– एक सीए, जि. सांगली