क्लारा फोल्ट्झ कोण, ते सविस्तर

ती. बाबा आणि ती. सौ. आईस,
सा. न. वि. वि.

बाबा, परवा फोनवर तुम्ही विचारलंत, "तुझं ज्यूरीचं काम ज्या कोर्टात होतं, त्याला नाव कुणाचं दिलंय?" लॉस एंजेलिसच्या त्या फौजदारी कोर्टाच्या इमारतीला 2002 साली क्लारा शॉर्टरिज फोल्ट्झ यांचं नाव दिलं गेलं. त्यांच्याबद्दल फोनवर घाईघाईत सांगायचं माझ्या जिवावर आलं, म्हणून हे पत्र. सावकाश वाचा. आईला मोठ्याने वाचून दाखवा.

क्लाराचा जन्म 1849 चा. पंधराव्या वर्षी घरातून पळून जाऊन लग्न केलं. पुढे पाच मुलं झाली, संसार कॅलिफोर्नियात सॅन होजेला आला आणि नवरा सोडून गेला. पोटासाठी ती व्याख्यानं देऊ लागली, स्त्रियांच्या मताधिकारावर. वकिली शिकायचं ठरवलं, पण कॅलिफोर्नियाच्या कायद्याप्रमाणे वकील फक्त गोऱ्या पुरुषालाच होता येत असे. तेव्हा हिने दुरुस्तीचं विधेयक स्वतः लिहिलं. त्यात अट एवढीच, की वकील होणारी 'व्यक्ती' असावी. मग राज्याच्या राजधानीत, सॅक्रामेंटोला जाऊन आमदारांच्या मागे लागली. 1878 च्या एप्रिलमध्ये, मुदत संपत आलेली असताना, गव्हर्नरची त्यावर सही झाली. त्याच सप्टेंबरात ती सनद घेऊन वकील झाली. पॅसिफिक किनाऱ्यावरची पहिली स्त्री वकील. आई, त्या वेळी तिचं वय एकोणतीस होतं.

पुढच्याच वर्षी सॅन फ्रान्सिस्कोच्या नव्या हेस्टिंग्ज लॉ कॉलेजात तिने आणि लॉरा डी फोर्स गॉर्डन यांनी नाव घातलं. दोघींनाही थोड्याच दिवसांत बाहेर काढलं. झग्यांच्या सळसळीने मुलांचं लक्ष उडतं म्हणे! दोघींनी कॉलेजवर दावा लावला, जिंकल्या. कॉलेज वरच्या कोर्टात गेलं, तिथेही याच जिंकल्या. पण इतकं सगळं करून पैसा आणि वेळ दोन्ही अपुरे पडल्यामुळे क्लाराला ते शिक्षण पुरं करता आलं नाही. पदवी दिली ती 1991 साली, तिला जाऊन सत्तावन्न वर्षं झाल्यावर. हे वाचून मला फार राग आला. अजून येतो.

त्याच सुमारास कॅलिफोर्नियाची नवी राज्यघटना लिहिली जात होती. केवळ स्त्री आहे म्हणून कुणालाही कोणत्याही कायदेशीर धंद्यातून वगळता येणार नाही, हे कलम तिच्या आणि तिच्या मैत्रिणींच्या खटपटीने त्यात आलं.

पण बाबा, एवढंच असतं तर मी पत्र लिहायला बसले नसते. तिचं खरं मोठेपण पुढे आहे आणि ते तुमच्याइतकं कुणाला कळणार नाही. वकील झाल्यावर तिच्याकडे यायचे ते गरीब पक्षकार, ज्यांना दुसरं कुणी विचारत नसे. कोर्टाने नेमलेल्या वकिलाला फी नसायची, त्यामुळे असल्या कामाला बहुधा नवखे किंवा कामचुकार लोक यायचे. समोर मात्र सरकारी पगारावरचा वकील. तिचं म्हणणं सरळ होतं: गुन्हा शाबीत होईपर्यंत माणूस निर्दोष धरायचा असेल, तर त्याच्यावर खटला चालवायला सरकार जसा वकील देतं, तसा त्याचा बचाव करायलाही द्यायला हवा, आणि तोही पगारी, जाणता. 1893 साली शिकागोच्या जागतिक प्रदर्शनाच्या निमित्ताने भरलेल्या कायदेविषयक परिषदेत तिने हे जाहीरपणे मांडलं. त्याच प्रदर्शनाच्या निमित्ताने भरलेल्या धर्मपरिषदेत विवेकानंद बोलले, हे आपल्याला पाठ आहे. ही बाई मात्र आपल्या कानावरही आली नाही. पुढे तिने याचं विधेयक तयार केलं आणि ते एकामागून एक राज्यांत मांडलं गेलं. 1914 मध्ये लॉस एंजेलिस काउंटीत सरकारी खर्चाने बचाव करणारं देशातलं पहिलं कार्यालय उघडलं. 1921 मध्ये कॅलिफोर्नियात त्यासाठी राज्याचा कायदा झाला. हे सारं तिने डोळ्यांनी पाहिलं.

मी ज्या खटल्यात बसले होते त्यातल्या आरोपीचा वकील अशाच कार्यालयातला होता. खटला संपला आहे म्हणून सांगते. तो तयारीनिशी उभा होता. साक्षीदाराला नेमकं विचारत होता, आरोपीच्या कानाशी वाकून प्रत्येक गोष्ट समजावत होता. ते पाहताना मला सतत तुम्ही आठवत होता. शिरस्तेदार असताना तुम्ही संध्याकाळी घरी येऊन सांगायचात, "आजही त्या पोराचं वकीलपत्र नाही, पुन्हा तारीख पडली." तेव्हा मला त्यातलं काही कळत नव्हतं. आपल्याकडे मोफत कायदेशीर मदतीचं तत्त्व घटनेत 1976 मध्ये आलं आणि विधी सेवा प्राधिकरणांचा कायदा 1987 मध्ये झाला. म्हणजे तुम्ही आधीचं आणि नंतरचं, दोन्ही पाहिलंय.

म्हणून एक मागणं आहे. त्या दिवसांबद्दल लिहून काढा. मोफत वकील मिळत नव्हता तेव्हा न्यायाधीश काय करायचे, वकिलांपैकी कोण आपणहून उभं राहायचं, जामीन मिळूनही पैशाअभावी आत राहिलेल्यांचं पुढे काय व्हायचं. नावं नकोत, हकीकती हव्यात. हात थरथरत असेल तर आईला सांगा, तिचं अक्षर तसंही तुमच्यापेक्षा सुवाच्य आहे.

आई, गुडघ्याचा व्यायाम चुकवू नकोस. मी डिसेंबरात येते आहे, तोवर निदान पहिली वही भरलेली असू दे.

तुमची,
लेक