सहा नंबरचे गमबूट

वाई, पौष वद्य पंचमी

चि. राजास अनेक आशीर्वाद.

काल तुझा फोन आला तेव्हा मी मुद्दामच तो बाबांच्या हातात दिला. तू ओरडणार हे ठाऊक होतं. मी घाटावर घसरले ही बातमी माझ्याआधी हैदराबादला पोचली, म्हणजे आपल्या आळीची टपालव्यवस्था अजून शाबूत आहे म्हणायची. पाय मोडलेला नाही, मुरगळलाय. आंबेहळदीचा लेप लावलाय, वरून क्रेप बँडेज. या आठवड्यात ऑडिटला येत नाही असं बँकेच्या शाखेत कळवलंय. तिथले लोक मनातून खूश झाले असतील.

‘या वयात नदीत उतरायची काय गरज होती?’ असं तू बाबांना विचारलंस. फोनवर या प्रश्नाचं उत्तर देता येत नाही. तू मधेच ‘बरं, मीटिंग आहे’ म्हणतोस. म्हणून लिहिते.

पस्तीस वर्षं बँकेत काढली, नऊ बदल्या झाल्या. त्यातली पाच गावं नदीकाठची होती आणि एकाही नदीला मी पाय लावलेला नाही. निवृत्त झाल्यावर आपल्या जुन्या घरी राहायला आलो, तेव्हा महिन्याचे आठ-दहा दिवस कन्करंट ऑडिट, म्हणजे शाखेच्या चालू व्यवहारांची तपासणी, घेतलं. बाकीच्या दिवसांचं काय करायचं ते ठरलं नव्हतं. सकाळी गणपती घाटावर जाऊन बसायचे, बस्स. ढोल्या गणपतीच्या देवळाची मागची भिंत माशासारखी निमुळती बांधलेली आहे, हे लहानपणापासून ऐकत आले होते. गणपतराव रास्त्यांनी 1762 मध्ये हे देऊळ बांधलं, ते पुराचा लोंढा भिंतीवर आपटून दोन्हीकडे फुटावा अशा हिशेबाने. गेल्या पावसाळ्यात धोम धरणातून पाणी सोडलं तेव्हा पहिल्यांदा उभी राहून बघितलं. पाणी त्या टोकापाशी येतं, क्षणभर घुटमळतं आणि खरंच दुभंगतं. मी सव्वा तास उभी होते. बाबांनी घरी दूध उतू घातलं.

हातात कचरा ओढायचं दाताळं कसं आलं ते सांगते. रविवारी सकाळी पंधरा-वीस जणं घाट साफ करतात. मी आपली पायरीवर बसून बघत होते. फुलवाल्या मावशी म्हणाल्या, “बाई, नुसत्या बसलाय तर ह्ये धरा.” एवढंच. कोणी बोलावलं नाही, कोणी आभार मानले नाहीत. दीड वर्ष झालं त्याला.

पाण्यातून काय काय निघतं म्हणून सांगू! निर्माल्य तर असतंच, तेही प्लास्टिकच्या पिशवीला गाठ मारून. देवाला वाहिलेली फुलं गुदमरवून सोडायची, ही कुठली श्रद्धा ते मला अजून कळलेलं नाही. ओढण्या असतात. त्या दाताळ्याच्या दातांत अशा गुंततात की दोघींनी ओढावं लागतं. आणि फ्रेम केलेले देव. काच फुटली की देव घरात ठेवायचा नाही आणि कचऱ्यात टाकायचा नाही, म्हणून नदीत. एका रविवारी आम्ही अकरा लक्ष्म्या काढल्या. काचा वेगळ्या, चौकटी वेगळ्या, आणि चित्रं एका पाटीत पालथी घालून ठेवली. ती पाटी उचलायला कोणी पुढे होईना. शेवटी मावशींनी उचलली.

सगळ्यात चिवट जलपर्णी. दिसायला काय सुरेख, जांभळी फुलं येतात. मी आधी वरून पानं तोडत होते. एका पोराने शिकवलं, की मुळासकट ओढायची, आडवे धुमारे राहिले तर पंधरा दिवसांत परत तेवढीच. ती पोसते आपल्या सांडपाण्यावर. धरणातून पाणी सुटलं नाही की प्रवाह मंदावतो, पायऱ्यांशी पाणी साचून हिरवं पडतं आणि ही पसरते. म्हणजे आम्ही रविवारी काढतो ते आम्हीच सोमवार ते शनिवार वाढवलेलं असतं. यावर आमच्यात भांडणं होतात, ती वेगळी लिहीन.

घसरले ती अशीच. जलपर्णीचा मोठा गठ्ठा ओढत होते, चपलेखाली शेवाळ. खालच्या पायरीवर बसकण मारली ती थेट कमरेपर्यंत पाण्यात. चौघी धावल्या. हसल्याही. एकीने घरून कोरडं लुगडं आणून दिलं, नऊवारी. ते नेसवता नेसवता तिची पुरेवाट झाली. त्या वेषात मी आळीतून लंगडत आले, म्हणून बातमी तुझ्यापर्यंत इतक्या वेगाने पोचली.

आता दुसरा मुद्दा. तू म्हणतोस, माघात इकडे या, चौदाव्या मजल्यावरून तलाव दिसतो. येईन रे. पण माघात नाही. माघात कृष्णाबाईचा उत्सव सुरू होतो. तो फाल्गुनापर्यंत एकेका घाटावर चालतो, प्रत्येक आळीचे दिवस ठरलेले. अफझलखानाच्या स्वारीच्या वेळी बोललेला नवस अजून फेडतोय, असं इथली म्हातारी माणसं सांगतात. तू तिसरीत असताना एकदा पालखीला आला होतास आणि आमटी तिखट म्हणून रडला होतास.

गेल्या वर्षी महाप्रसादाचा हिशेब माझ्याकडे आला. बँकेतली बाई म्हटल्यावर वही पुढे सरकवली. मीही बँकेतलीच. पहिल्या दिवशी सांगितलं, पावतीशिवाय पैसे सुटणार नाहीत. तांदूळवाल्याने बिल दिलं, किराणावाल्याने दिलं. मावशी आल्या हारांचे सातशे मागायला. म्हटलं, बिल? त्या म्हणाल्या, “बाई, मी काय बिल छापू? झेंडू मोजा.” मग मीच वहीचं पान फाडून व्हाउचर लिहिलं आणि त्यांनी सही केली. अक्षर असं वळणदार, की मी बघत राहिले. सातवीपर्यंत शिकल्यात म्हणे. इतके दिवस मी त्यांच्यापुढे अंगठ्यासाठी शाईचा पॅड धरायच्या तयारीत होते, याची आज लिहितानाही लाज वाटते.

शेवटी तीनशे दहा रुपयांची तूट आली. रात्री अकरापर्यंत बसले. समितीतले एक आजोबा खिशातून तेवढे काढून ठेवायला लागले, “देवीच्या कामात कसला हिशेब!” मी घेतले नाहीत. दुसऱ्या दिवशी सापडलं, गुळाच्या भेलीची रक्कम खर्चात लिहायचीच राहिली होती. तेव्हापासून आजोबा मला ‘मॅनेजरबाई’ म्हणतात. यंदा आमच्या पंगतीला प्लास्टिकचे पेले बंद, स्टीलची भांडी घासायला माणसं लागणार, त्याची यादी माझ्याकडे आहे. तेव्हा माघात जमणार नाही.

एक गंमत. परवा बाबांनी नकाशा काढून दाखवला. जुन्या महाबळेश्वरातून निघालेली ही आपली कृष्णाबाई इथून कराड, सांगली, नृसिंहवाडी करत कर्नाटकात जाते, पुढे श्रीशैलम, नागार्जुनसागर. आणि नागार्जुनसागरहून हैदराबादच्या नळांना पाणी जातं. तू तिथे ज्या पाण्याचा चहा करतोस त्यात कृष्णामाईचा वाटा आहे. आम्ही इथे काय काढतो ते वर वाचलंसच. फिल्टर बदलून घे.

बाबा ठीक आहेत. रोज मेणवलीपर्यंत चालत जातात, येताना भाजी आणतात, निवडत मात्र नाहीत. सुनबाईंना आशीर्वाद. पिल्लूला सांग, तिच्यासाठी नदीतला एक गोल गोटा धुऊन ठेवलाय.

फाल्गुनात आमच्या आळीचं आवरलं की आम्ही दोघं येतो, तिकीट तूच काढ. आणि तुझ्या त्या ऑनलाइनवरून गमबूट मागव, सहा नंबर, तळ खरबरीत असलेले. पत्ता मावशींच्या टपरीचा दे. घरी आले तर बाबा परत पाठवतील.

तुझी,
आई