नळाला पाणी येते त्या दिवशी गोल्डफिश आजारी का पडतो?

माननीय संपादक,
स.न.वि.वि.

गोल्डफिश मलूल दिसला की आपल्याकडे दोन उपाय ठरलेले आहेत. आधी टाकी पूर्ण रिकामी करून घासूनपुसून धुवायची, मग दुकानातून औषधाची निळी किंवा पिवळी बाटली आणून ओतायची. बेळगाव शहर, खानापूर, निपाणी, चिकोडी, कुठेही हेच चालते. माशाचा मूळ आजार पुष्कळदा साधा असतो आणि मासा मरतो तो या दोन उपायांनी. म्हणून हे सविस्तर पत्र.

शहराच्या काही भागांत नळाला चोवीस तास पाणी आहे, बाकी ठिकाणी ते काही दिवसांआड येते. राकसकोप जलाशयाचे असो की हिडकल धरणाचे, नळाचे पाणी क्लोरीन घालूनच सोडलेले असते. पाणी आले की घरात धुणीभांडी, हौद-पिंप भरणे सुरू होते आणि त्याच हाताला फिश टँकही धुतला जातो. फिल्टरचा स्पंज नळाखाली धरून पांढरा होईपर्यंत पिळतात, खडे साबणाने घासतात आणि ताजे पाणी काठोकाठ भरून मासे परत सोडतात. टाकी आरशासारखी दिसते. तीन-चार दिवसांनी मासा तळाला बसतो.

कारण असे. गोल्डफिश आपला अमोनिया मुख्यतः कल्ल्यांतून पाण्यात सोडतो. एका जातीचे जिवाणू त्याचे नायट्राइट करतात, दुसरे नायट्राइटचे नायट्रेट. अमोनिया आणि नायट्राइट ही दोन्ही विषे. नायट्रेट त्या मानाने निरुपद्रवी. हे जिवाणू पाण्यात फारसे तरंगत नाहीत, ते स्पंजला आणि खड्यांना चिकटून राहतात आणि नव्या टाकीत त्यांचे बस्तान बसायला 4 ते 6 आठवडे लागतात. क्लोरीनच्या पाण्यात स्पंज पिळला की त्या वसाहतीला मोठा तडाखा बसतो. स्पंजचा तो तपकिरी, बुळबुळीत थर घाण वाटतो खरा, पण टाकी तोच चालवत असतो. स्पंज धुवायचा तो टाकीतूनच काढलेल्या बादलीभर पाण्यात, दोनदा दाबून, बस्स.

म्हणून मासा आजारी दिसला की पहिले काम पाणी तपासणे. अमोनिया, नायट्राइट आणि पीएच (पाणी किती आम्ल की अल्क, याचा आकडा) यांचे थेंब टाकून रंग बघायचे किट मिळते. अमोनिया शून्य, नायट्राइट शून्य आणि नायट्रेट लिटरला 40 मिलिग्रॅमच्या खाली हवे. अमोनियाचा आकडा पीएचबरोबर वाचावा लागतो, आणि इथे बरेच जण फसतात. 25 अंश तापमानाला पीएच 7 असेल तर एकूण अमोनियातला जेमतेम अर्धा टक्का विषारी रूपात असतो. पीएच 8 झाला की तोच भाग पाच टक्क्यांवर जातो. बोअरचे पाणी जड आणि पीएच चढा असेल, तर नळाच्या पाण्यात निभावणारा अमोनिया तिथे मासा मारतो. शेजाऱ्याचे मासे तगले, आपले का गेले, याचे उत्तर अनेकदा एवढेच असते.

अमोनिया किंवा नायट्राइट दिसले तर खाणे बंद. गोल्डफिश आठवडाभर उपाशी राहिला तरी काही बिघडत नाही. रोज निम्मे पाणी बदलावे. नवे पाणी आदल्या दिवशी बादलीत काढून एअर स्टोन (पंपाच्या हवेचे बुडबुडे सोडणारा दगड) लावून 24 तास ठेवावे, म्हणजे क्लोरीन उडून जातो. तेवढा वेळ नसेल तर हायपो, म्हणजे सोडियम थायोसल्फेट. 10 ग्रॅम हायपो 1 लिटर पाण्यात विरघळवून बाटली अंधारात ठेवावी आणि 20 लिटरच्या बादलीला त्यातले 30 मिली घालावे. नळाच्या नेहमीच्या क्लोरीनला ते पुरते. हौदात ब्लीचिंग पावडर टाकली असेल तर मात्र ते पाणी टाकीसाठी घेऊच नये. जुन्या-नव्या पाण्याच्या तापमानात 2 अंशांपेक्षा जास्त फरक नको, आणि तो थर्मामीटरने बघावा, बोट बुडवून कळत नाही.

आता माशाकडे बघू. हात न घालता, दिवा लावून, पाच मिनिटे नुसते बघावे. मासा पृष्ठभागावर तोंड काढून हवा गिळतोय, कल्ले भराभर हलताहेत, तर पाण्यात प्राणवायू कमी आहे किंवा कल्ले पोळले आहेत. 20 अंशांच्या पाण्यात लिटरला 9 मिलिग्रॅमच्या आसपास प्राणवायू मावतो, 30 अंशांना साडेसातच. एप्रिल-मेमध्ये दुपारनंतर मासे वर येतात ते यामुळे. एअर पंप चालू असूनही धाप लागते आणि कल्ले लाल न दिसता तपकिरी दिसतात, तर ते नायट्राइटचे विष. तिथे लिटरला 1 ग्रॅम मीठ घालावे. मिठातला क्लोराइड नायट्राइटला कल्ल्यांतून आत शिरू देत नाही. परांच्या कडा काळ्या पडल्या असतील तर घाबरू नये, अमोनियाने पोळलेली जागा भरून येताना बऱ्याचदा तशी काळी होते. मासा खड्यांवर अंग घासत असेल, एक कल्ला मिटून धरत असेल, तर परजीवी आहेत असे धरून चालावे.

पांढऱ्या ठिपक्यांबद्दल जरा थांबून सांगतो, कारण सर्वांत जास्त औषधे इथेच वाया जातात. रव्याच्या कणाएवढे ठिपके शेपटीवर, परांवर, अंगावर कसेही विखुरलेले असतील आणि दोन दिवसांत वाढत असतील तर तो इक नावाचा परजीवी. पण ठिपके फक्त कल्ल्यांच्या झाकणावर आणि छातीच्या परांच्या पहिल्या जाड काट्यावर, ओळीने, दोन्ही बाजूंना सारखे असतील आणि मासा खाऊनपिऊन मजेत असेल, तर तो वयात आलेला नर आहे. ते ठिपके म्हणजे विणीच्या दिवसांतले फोड, हंगाम संपला की जातात. भिंग घेऊन बघितले तर फरक कळतो: नराचे फोड टोकदार, एकसारखे आणि मोजके, इकचे ठिपके गोल, लहानमोठे, आणि पारदर्शक परावर अगदी स्पष्ट उठून दिसणारे.

इकचा परजीवी माशाच्या कातडीखाली असताना त्याला कोणतेच औषध नीट लागू पडत नाही. तो पिकून खाली पडतो, तळाला गाठ करून शेकडो पिल्ले सोडतो, आणि ती पिल्ले पाण्यात मासा शोधत फिरतात तेवढ्यातच औषधाने मरतात. म्हणून तिसऱ्या दिवशी ठिपके गेले की औषध थांबवणे ही मोठी चूक. ते गेलेले नसतात, खाली उतरलेले असतात. हे चक्र 25 अंशांना आठवड्याच्या आत फिरते, थंड पाण्यात कित्येक आठवडे रेंगाळते. डिसेंबर-जानेवारीत बेळगावच्या रात्री गार, त्यामुळे थर्मोस्टॅटचा हीटर लावून पाणी हळूहळू, दिवसाला एक-दोन अंश या बेताने, 25 वर आणावे आणि तिथेच ठेवावे. उपचार किमान 14 दिवस, आणि शेवटचा ठिपका गेल्यावर पुढे आठवडाभर.

औषध म्हणाल तर पहिले साधे जाडे मीठ, लिटरला 3 ग्रॅम. त्यासाठी टाकीत पाणी किती हे आधी काढावे. लांबी, रुंदी, उंची इंचांत मोजून गुणाकाराला 61 ने भागले की लिटर येतात. 24 बाय 12 बाय 12 ची टाकी 56 लिटरची, पण खडे आणि वरची रिकामी दोन इंच वजा जाता पाणी 45 लिटरच. तिला मीठ 135 ग्रॅम, तेही 45-45 ग्रॅमचे तीन भाग करून, दर 12 तासांनी एक, आधी तांब्यात विरघळवून. मूठ मोजून घालू नये, स्वयंपाकघरातला वजनकाटा वापरावा. मीठ उडत नाही. आटलेले पाणी भरताना पुन्हा मीठ घातले तर खारटपणा चढत जातो. मीठ घालायचे ते बदललेल्या पाण्यापुरतेच: 15 लिटर काढून नवे भरले तर 45 ग्रॅम. पाणवनस्पती या मिठात टिकत नाहीत, त्या आधी बाहेर काढाव्यात. आजारी मासा एकच असेल तर 40 लिटरचा टब, एअर स्टोन आणि जुन्या टाकीतला एक स्पंज एवढ्यावर दवाखाना होतो. मात्र इक असेल तर तळाला गाठी असतात, उपचार मूळ टाकीलाच हवा.

आता पिवळ्या कॅप्सूलबद्दल. टेट्रासायक्लिन या अँटिबायोटिकची कॅप्सूल फोडून टाकीत टाकण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. जड पाण्यातला कॅल्शियम आणि मॅग्नेशियम हे औषध धरून ठेवतात, माशापर्यंत पोहोचते ते थोडेच. उजेडात ते तपकिरी पडते, फेस येतो, आणि फिल्टरच्या जिवाणूंनाही तडाखा बसतो. म्हणजे संसर्ग तिथेच आणि वर अमोनिया. परांच्या कडा कुरतडल्यासारख्या, पांढऱ्या-लालसर होऊन झडत असतील तर पाणी स्वच्छ ठेवणे आणि टबात मीठ यानेच बहुतेक मासे भरून निघतात. जखम खोल असेल तर अँटिबायोटिक खाण्यातून, पशुवैद्यांना विचारून द्यावे. पोटॅशियम परमँगनेट चिमूटभर टाकण्याचीही रीत आहे. हे औषध कल्ले जाळते. वापरायचेच तर वेगळ्या टबात लिटरला 10 मिलिग्रॅम, म्हणजे 10 लिटरला 100 मिलिग्रॅम, जास्तीत जास्त अर्धा तास, आणि समोरून न हलता. मासा कलंडला की लगेच स्वच्छ पाण्यात.

उलटा तरंगणारा मासा म्हणजे बहुधा ओरांडा, रुकिन किंवा फँटेल. या गोटीसारख्या जातींच्या पोटात जागा कमी, आणि गोल्डफिशला जठरच नसते. तरंगणारे कोरडे दाणे हवेसकट गिळले की आतडे फुगून हवेची पिशवी दाबली जाते. तीन दिवस उपास, मग मटार उकडून, साल काढून, चिरडून एका माशाला एकच दाणा. पुढे दाणे भिजवून, बुडणारे, दोन मिनिटांत संपतील एवढेच द्यावेत.

पोट फुगून खवले भाताच्या लोंबीसारखे उभे राहिले, वरून बघताना सगळ्या बाजूंनी ताठ दिसले, तर मूत्रपिंड हरले आहे. अगदी सुरुवातीला 100 लिटरला 12 ते 15 ग्रॅम एप्सम सॉल्ट, म्हणजे मॅग्नेशियम सल्फेट, घालून बघावे. ते मेडिकलमधले घ्यावे. उसाला घालायच्या पोत्यातले मॅग्नेशियम सल्फेट नको. बहुतेक मासे यातून वाचत नाहीत, हे स्पष्ट सांगायला हवे.

तळ्यात वाढवून आणलेल्या माशांवर अंगातून दोरा लोंबावा तसा अँकर वर्म हा परजीवी दिसतो. मासा ओल्या फडक्यात धरून चिमट्याने मुळाशी पकडून सरळ ओढावा, जखमेला पोव्हिडोन आयोडीन कापसाने टेकवावे, कल्ल्यांना लागू देऊ नये. मीठ याला पुरत नाही, आणि पाण्यातली पिल्ले मोठी व्हायला काही आठवडे घेतात. म्हणूनच नवा मासा महिनाभर वेगळ्या टबात ठेवायचा असतो.

विक्रेत्यांना कळकळीची विनंती आहे. वास्तूसाठी आठ केशरी आणि एक काळा असा संच दोन फुटी टाकीसोबत देऊ नये. 45 लिटरमध्ये नऊ गोल्डफिश कोणत्याही फिल्टरने जगत नाहीत. तेवढ्यात लहान असताना एक, फार तर दोन, आणि पुढे मोठी टाकी. काचेच्या गोल भांड्यात तर एकही नाही. आणि औषधांच्या रांगेत अमोनियाचे किट पुढे ठेवावे.

पावसाळ्यात वीज तासन्‌तास जाते, तेव्हा बॅटरीवर चालणारा छोटा एअर पंप नसेल तर दर अर्ध्या तासाला तांब्याने टाकीचेच पाणी हातभर उंचीवरून परत ओतत राहावे. वीज बराच वेळ गेली असेल तर फिल्टर सुरू करण्याआधी त्यातले साचलेले पाणी फेकून द्यावे, ते सडलेले असते.

बरा न होणारा किंवा नकोसा झालेला मासा विहिरीत, किल्ला तलावात किंवा मार्कंडेय नदीत सोडू नये. गोल्डफिश तिथे जगला तर तळ उकरून पाणी गढूळ करतो, आणि त्याचे परजीवी तिथल्या माशांना लागतात. हाल थांबवायचेच असतील तर लवंग तेलाचे 8 ते 10 थेंब छोट्या बाटलीत कोमट पाण्यात पांढरे होईपर्यंत हलवून टाकीतल्याच 1 लिटर पाण्यात मिसळावेत आणि मासा त्यात ठेवावा. कल्ले थांबल्यावरही अर्धा तास तसाच राहू द्यावा, मग परसात किंवा कुंडीत खोल पुरावा.

आपला,
एक मत्स्यपालक वाचक
शहापूर, बेळगाव